लहान विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांशी नाते कसे टिकवावे?

प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापिका एका लहान विद्यापीठात शिकवतात. तेथे सुमारे 1,200 विद्यार्थी आहेत, अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, आणि विद्यार्थी कल्याण व माजी विद्यार्थी संघ ही दोन्ही कामे यंदा त्यांच्याकडे एकदमच सोपवण्यात आली आहेत. त्यांचे म्हणणे असे की, पदवी हातात पडल्यावर वर्षभरात विद्यार्थी दिसेनासे होतात, स्नेहमेळाव्याला तीस-चाळीस जण येतात आणि त्यांतले निम्मे दरवर्षीचेच असतात. मोठ्या विद्यापीठांसारखे माजी विद्यार्थ्यांचे जाळे आपल्याला कधी उभे करता येईल का, आणि सुरुवात नेमकी कोठून करावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

लहान विद्यापीठांत याच दोन कामांत माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. ही कामे आपल्याकडे एकत्र आली हे मी भाग्याचे समजते, कारण मुळात ते एकच काम आहे. माजी विद्यार्थ्याशी असलेले नाते पदवीनंतर नव्याने जोडता येत नाही. तो विद्यार्थी असतानाच ते जुळलेले असते किंवा जुळायचे राहून गेलेले असते. पुढे आपल्या हाती उरते ते फक्त त्याचे जतन. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर स्नेहमेळाव्याच्या आमंत्रणपत्रिकेत शोधण्याऐवजी आज वर्गात, वसतिगृहात आणि रंगमंचामागे काय चालले आहे त्यात शोधावे, असे माझे ठाम मत आहे. ज्या विद्यार्थ्याच्या अनुपस्थितीने विद्यापीठात एकदा तरी कोणाचे तरी काम अडले होते, तो विद्यार्थी परत येतो. इतक्या वर्षांत मला याहून भरवशाची दुसरी खूण सापडलेली नाही.

हे मी प्रथम कधी नीट पाहिले ते सांगते. आमच्या नाट्यमंडळात त्या वर्षी एकूण नऊ जण होते. प्रकाशयोजना सांभाळणारा मुलगा दुसऱ्या वर्षाचा, अबोल आणि अभ्यासात मागे पडलेला होता. दोन विषय राहिल्यामुळे तो विद्यापीठ सोडण्याच्या विचारात होता. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्याला ताप आला. दिव्यांच्या फळ्यावरची कोणती कळ कोणत्या दिव्याची, हे त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते, कारण त्याने स्वतःच्या सोयीने चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांवर फक्त स्वतःला कळतील अशा खुणा केल्या होत्या. संध्याकाळी दोन मुली वही घेऊन त्याच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, आणि त्याने पांघरुणातून हात बाहेर काढून त्या वहीत फळ्याचे चित्र काढून दिले. प्रयोग पार पडला. त्या मुलाने विद्यापीठ सोडले नाही, आणि आज तो दरवर्षी स्वतःहून दोन दिवस येऊन नव्या मुलांना दिवे लावायला शिकवतो. मोठ्या विद्यापीठात त्याच्या जागी तीन बदली प्रकाशयोजनाकार तयार असते. ते सोयीचे झाले असते, पण त्याच्या दाराशी वही घेऊन कोणी आले नसते.

या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात काही डझन मुलांच्या शाळांपासून दोन हजारांहून अधिक मुलांच्या शाळेपर्यंत अनेक शाळांचा अभ्यास केला आणि 1964 मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्या शाळेत मुले अनेक पटींनी जास्त असली, तरी तेथील उपक्रमांचे प्रकार त्या मानाने थोडेच जास्त होते. नाटक एकच, वार्षिक अंक एकच, संघ एकच. फक्त बाहेरून पाहणाऱ्यांची संख्या मोठी. लहान शाळेत मात्र करायच्या कामांच्या मानाने माणसे कमी, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या वाट्याला जबाबदारीची कामे अधिक येत. एडविन विलेम्स यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेला पुढचा अभ्यास मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. अभ्यासात कच्ची, शाळेत फारशी न रुळलेली, काठावर उभी असलेली मुले लहान शाळांमध्ये इतरांइतकीच बांधिलकी बाळगत होती, तर मोठ्या शाळांमध्ये तशाच मुलांना आपण येथे काही देणे लागतो असे फारसे वाटत नव्हते. हे अभ्यास शाळांचे आहेत, विद्यापीठांचे नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्यांनी दाखवलेली यंत्रणा मी विद्यापीठात प्रत्यक्ष पाहिली आहे. माणसे कमी पडतात म्हणून जो हाताशी असेल त्याला बोलावले जाते, बोलावले गेल्यामुळे तो शिकतो, आणि शिकल्यामुळे ती जागा त्याची होते.

तेव्हा आपले विद्यापीठ लहान असण्याला उणीव मानून ते झाकू नये, ही माझी पहिली विनंती. लहान विद्यापीठे मोठ्यांची नक्कल करतात तेव्हा हाच एकमेव फायदा घालवून बसतात. कार्यक्रमाची मांडणी बाहेरच्या व्यावसायिकांना दिली जाते, वार्षिक अंक तयार करून घेतला जातो, प्रवेशाच्या दिवशी नवागतांना वाट दाखवायला बाहेरून माणसे नेमली जातात, आणि सगळे देखणे होते. पण त्या देखणेपणात विद्यार्थ्याच्या हाताला काम उरत नाही. थोडे वेडेवाकडे झाले तरी चालेल, परंतु विद्यापीठातील शक्य तितकी कामे विद्यार्थ्यांनीच करावीत, यावर आपण आग्रही राहावे.

मात्र येथे एक धोका आहे, आणि तो आपल्याला पहिल्याच वर्षी दिसेल. लहान जागी काम करणारी तीच ती दहा मुले सगळीकडे सापडतात. परिषदेचा सचिवच अंकाचा संपादक असतो, तोच क्रीडास्पर्धेचा संयोजक असतो, आणि आपणही त्याच्यावर विसंबतो कारण तो नाही म्हणत नाही. तिसऱ्या वर्षाअखेर तो थकतो, गुण घसरतात, आणि बाहेर पडताना त्याच्या मनात विद्यापीठाबद्दल प्रेमापेक्षा सुटकेची भावना जास्त असते. अशा किमान चार जणांना मी ओळखते, आणि त्यांतल्या दोघांच्या बाबतीत माझीही चूक होती. त्यानंतर आम्ही असा नियम केला की एका विद्यार्थ्याकडे एका वेळी दोनपेक्षा अधिक पदे नसावीत, आणि प्रत्येक पद सोडणाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्यासोबत पूर्ण एक महिना काम करावे. नियम साधा आहे, पण त्यामुळे उरलेल्या जागा रिकाम्या दिसू लागतात, आणि रिकामी जागा दिसल्याखेरीज काठावरचा विद्यार्थी पुढे येत नाही. त्यालाही सूचनाफलकावरून बोलावू नये. त्याच्याजवळ जाऊन, नाव घेऊन, नेमके काय करायचे आहे ते सांगावे.

लहान विद्यापीठाच्या दुसऱ्या एका बाजूबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. येथे कोणाचेच काही लपत नाही. परीक्षेतले अपयश, मैत्रीतला दुरावा, घरची अडचण, हे सगळे दोन दिवसांत सर्वांना कळते. मोठ्या विद्यापीठात एका गटात जमले नाही तर दुसरा गट शोधता येतो. येथे दुसरा गट बहुधा नसतोच, आणि ज्याच्याशी बोलणे बंद झाले आहे तोच सकाळी प्रयोगशाळेत शेजारच्या मेजावर असतो. एकटा पडलेला विद्यार्थी लहान ठिकाणी अधिक एकटा असतो, आणि आनंदी चेहऱ्यांच्या छायाचित्रांनी भरलेल्या पत्रिकेत त्याचा मागमूस नसतो. म्हणून समुपदेशक बाहेरचा असावा, विद्यापीठात न शिकवणारा असावा, आणि त्याची खोली मुख्य मार्गिकेवर नसावी, हे मी अत्यावश्यक मानते. ज्या विद्यार्थ्याला त्याच्या वाईट काळात आडोसा मिळाला, तो आपले नाव माजी विद्यार्थ्यांच्या यादीत आनंदाने राहू देतो. ज्याची चर्चा झाली, तो पुढे कधीच पत्ता कळवत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

वसतिगृहातील खोल्यांच्या वाटपाकडे बहुतेक विद्यापीठे कारकुनी काम म्हणून पाहतात. माझ्या मते वर्षातला तो सर्वांत दूरगामी निर्णय असतो. लिऑन फेस्टिंजर, स्टॅन्ले शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास 1950 मध्ये प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दारी राहणाऱ्यांपैकी 41 टक्क्यांशी घनिष्ठ मैत्री जुळली होती, तर मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण 10 टक्क्यांवर आले होते, आणि ही दोन टोके काही पावलांच्याच अंतरावर होती. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी होत्या, कारण सगळ्यांची वाट त्यांच्या दारावरून जात होती. यावरून मी एकच गोष्ट शिकले: एका शाखेची मुले एका मार्गिकेत आणि प्रथम वर्ष वेगळ्या इमारतीत अशी रचना करू नये. प्रथम वर्षाच्या दोन खोल्यांच्या मध्ये तृतीय वर्षाची एक खोली असली, म्हणजे वरच्या आणि खालच्या तुकडीत आपोआप ओळख होते. छळाची भीती असल्यामुळे अनेक ठिकाणी हे टाळतात. ती भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणून त्या तृतीय वर्षाच्या खोल्यांसाठी विद्यार्थी आपण स्वतः निवडावेत, अधीक्षकांनी आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक मार्गिकेत बसावे, आणि तक्रार करण्याची वाट त्या मार्गिकेबाहेर असावी. पण भीतीपोटी तुकड्यांमध्ये भिंत बांधली, तर तिची किंमत पुढे माजी विद्यार्थी संघाला मोजावी लागते.

ती कशी, हे साध्या हिशेबाने दिसते. आपल्याकडे 1,200 विद्यार्थी म्हणजे एका वर्षाचे साधारण 300. चार वर्षांत एका विद्यार्थ्याचा सहवास त्याच्या आधीच्या तीन, नंतरच्या तीन आणि स्वतःची एक अशा सात तुकड्यांशी येतो, म्हणजे सुमारे 2,100 माणसांशी. त्या सर्वांची नावे माहीत नसली तरी चेहरे ओळखीचे असतात. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1992 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार माणूस स्थिर, परस्परांना ओळखणारी नाती साधारण दीडशे जणांशीच राखू शकतो. हा आकडा सर्वमान्य नाही, पण तो धरला तरी 300 जणांच्या तुकडीत तो निम्म्यापर्यंत पोहोचतो. पाच हजारांच्या तुकडीत तो कोपऱ्यात हरवतो.

या हिशेबातूनच स्नेहमेळाव्याचे उत्तर निघते. आपल्याकडे तीस-चाळीस जण येतात, याचे एक कारण बहुधा हे आहे की आमंत्रण तुकडीवार दिले जाते. दहा वर्षांपूर्वीच्या तुकडीतून सहा जण आले, त्यांतले दोन एकमेकांशी विद्यार्थी असतानाही बोलत नव्हते, आणि उरलेले चार जण भाषणे ऐकून परत गेले, तर पुढच्या वर्षी कोणी का यावे? आम्ही तुकडीवार मेळावा बंद करून उपक्रमवार मेळावे सुरू केले. एका वर्षी पंधरा वर्षांतले सगळे नाट्यमंडळ, पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत प्रकल्प केलेले सगळे, त्यानंतर वार्षिक अंकाचे सगळे संपादक. प्रत्येकाला आधीचे आणि नंतरचे कोणीतरी ओळखत होते, आणि जे ओळखत नव्हते त्यांच्याकडेही बोलायला विषय होता, कारण तीच गळकी खिडकी, तेच बिघडणारे यंत्र आणि तेच प्राध्यापक सगळ्यांनी सोसले होते किंवा जपले होते. भाषणे आम्ही एकावर आणली. तीन तास मोकळे ठेवले आणि विद्यापीठाचे सगळे दरवाजे उघडे ठेवले. लोक सभागृहात न बसता आपापल्या जुन्या जागी गेले, आणि तेथे आजचे विद्यार्थी काम करत होते. खरी भेट तिथे झाली.

आणखी एक गोष्ट त्या मेळाव्यांत वारंवार दिसली. माजी विद्यार्थी येतात ते संस्थेला भेटायला नव्हे, माणसांना भेटायला. कुलगुरूंची चौकशी फारसे कोणी करत नाही. प्रयोगशाळेचे परिचर कसे आहेत, ग्रंथालयातल्या बाई अजून आहेत का, वसतिगृहाचे रात्रीचे पहारेकरी कुठे असतात, हे विचारले जाते. लहान विद्यापीठात असे एक माणूस निवृत्त झाले की वीस वर्षांच्या तुकड्यांचा धागा त्यांच्याबरोबर जातो. म्हणून निवृत्तीपूर्वी त्यांच्याशी दोन-तीन बैठका करून त्यांना आठवणारी नावे, प्रसंग आणि संपर्क लिहून घ्यावेत, आणि निरोपसमारंभाची तारीख माजी विद्यार्थ्यांना किमान दोन महिने आधी कळवावी. आमच्याकडे एका प्रयोगशाळा परिचरांच्या निरोपाला त्या वर्षीच्या अधिकृत स्नेहमेळाव्याहून अधिक लोक आले होते, आणि ज्यांचे पत्ते आम्ही वर्षानुवर्षे शोधत होतो ते अनेक जण त्या एका दुपारी समोर उभे होते.

शिक्षकांच्या बाबतीत आकडेही बोलके आहेत. गॅलप ही सर्वेक्षण संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी 2014 मध्ये अमेरिकेतील 30,000 हून अधिक पदवीधरांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. शिकण्याची गोडी लावणारा शिक्षक, आपल्याविषयी माणूस म्हणून आस्था बाळगणारे प्राध्यापक, आणि आपल्या ध्येयासाठी प्रोत्साहन देणारा मार्गदर्शक, या तिन्ही गोष्टी लाभल्या असे सांगणारे केवळ 14 टक्के होते, आणि नंतर कामात मन रमण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीय रीतीने जास्त होते. लहान विद्यापीठाला हे प्रमाण वाढवणे शक्य आहे, पण ते आपोआप घडत नाही. शिक्षकाने विद्यार्थ्यासोबत घालवलेला वर्गाबाहेरचा वेळ कामाच्या तासांत मोजला गेला नाही, तर तो वेळ देणारे शिक्षक थोड्याच वर्षांत थकतात. आपल्या हाती एवढा तरी अधिकार असेल, तर हा वेळ कार्यभारात धरला जावा यासाठी आपण भांडावे.

आता नोंदींबद्दल. हा भाग रुक्ष वाटतो, पण बहुतेक संघ येथेच कोसळतात. पदवीनंतर विद्यापीठाने दिलेला ईमेल पत्ता बंद केला जातो आणि त्या दिवशी आपण आपल्याच विद्यार्थ्याशी असलेला दुवा तोडतो. निकालाच्या आधी, शेवटच्या सत्रात, प्रत्येकाचा वैयक्तिक ईमेल आणि फोन क्रमांक घ्यावा, आणि त्यासोबत एक प्रश्न विचारावा: तुम्ही कुठेही गेलात तरी तुमचा ठावठिकाणा ज्यांना नक्की ठाऊक असेल अशी एक व्यक्ती कोण? त्या व्यक्तीच्या संमतीने तिचा संपर्क नोंदवावा. क्रमांक बदलतात, नोकऱ्या बदलतात, ती एक व्यक्ती सहसा बदलत नाही. माहिती कशासाठी वापरली जाईल हे लिहून द्यावे आणि नाव काढून टाकण्याची सोय ठेवावी. जो नको म्हणतो त्याचा मान राखला, तर तो पुढे कधीतरी स्वतः येतो. व्हॉट्सॲपचा गट गप्पांसाठी उत्तम आहे, परंतु ती नोंदवही नव्हे. गट चालवणारा माणूस बदलला किंवा कंटाळला की त्यातले सगळे विरून जाते. साधी तक्त्याची फाइल असली तरी पुरे, मात्र ती एका माणसाच्या संगणकात राहू नये आणि वर्षातून एकदा कोणीतरी बसून ती तपासावी.

त्या यादीत पदवी पूर्ण न करता गेलेल्यांची नावे हवीत, हे मी वेगळे सांगते, कारण बहुतेक ठिकाणी ती नसतात. ज्याने दोन वर्षे आपल्याकडे काढली आणि परिस्थितीमुळे शिक्षण सोडले, त्याच्या आयुष्यातली ती दोन वर्षे खरी होती. आमच्या यादीत अशांचा समावेश करायला काही सहकाऱ्यांचा विरोध होता. समावेश झाल्यावर एका बाईंचे पत्र आले, त्यात एवढेच होते की, माझे नाव तुमच्याकडे आहे हे पाहून बरे वाटले. पुढे त्यांनी शिक्षण अर्धवट सोडण्याच्या बेतात असलेल्या तीन विद्यार्थिनींशी फोनवर बोलण्याचे काम घेतले. ते काम आमच्यापैकी कोणालाही इतक्या चांगल्या रीतीने जमले नसते.

मोठ्या विद्यापीठासारखे जाळे उभे करता येईल का, या आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे तर तेवढ्या विस्ताराचे नाही करता येणार, आणि त्याची गरजही नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले होते की, ती ओळखीची व्यक्ती त्या काळात किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणारी व्यक्ती सांगणारे 16.7 टक्के होते, अधूनमधून भेटणारी 55.6 टक्के आणि क्वचित भेटणारी 27.8 टक्के. जवळचे मित्र ज्या बातम्या जाणतात त्या आपल्यालाही ठाऊक असतात. नवी बातमी दूरच्या ओळखीकडून येते, आणि त्या दूरच्या ओळखींमध्ये महाविद्यालयातल्या जुन्या मित्रांचा उल्लेख त्यांनी केलेला आहे. सात तुकड्यांतले ते ओळखीचे चेहरे म्हणजे अशा दूरच्या ओळखींचा साठाच आहे. मोठ्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्याकडे दर महिन्याला अनोळखी विद्यार्थ्यांची कितीतरी पत्रे येतात आणि बहुतेक अनुत्तरित राहतात. लहान विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्याकडे वर्षाला एक-दोन येतात, त्यांत त्याच इमारतीचे आणि त्याच प्राध्यापकांचे नाव असते, आणि तो उत्तर देतो. माझ्या अनुभवात हा फरक फार मोठा आहे, आणि विद्यार्थ्यांना तो ठाऊकच नसतो.

म्हणून पत्र कसे लिहावे हे त्यांना शिकवावे. नोकरी द्या असे लिहू नये. आपण कोण, काय करत आहोत, समोरच्याच्या कामातली कोणती गोष्ट समजून घ्यायची आहे, आणि त्यासाठी किती मिनिटे हवी आहेत, एवढे आठ-दहा ओळींत लिहावे. बोलणे झाल्यावर दोन दिवसांत आभार मानावेत आणि सहा महिन्यांनी पुढे काय झाले ते कळवावे. ही शेवटची ओळ बहुतेक विद्यार्थी विसरतात. माजी विद्यार्थी मात्र तिची वाट पाहत असतात. कित्येकांनी मला फोन करून विचारले आहे की, त्या मुलीचे पुढे काय झाले.

पैशांबाबत थोडक्यात. माझ्या पहिल्या वर्षी मी सर्व माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवून इमारत निधीसाठी देणगी मागितली. उत्तरे मोजकी आली, आणि त्यांतल्या एका पत्रात लिहिले होते की, माझा विभाग बंद झाला हे मला कोणी कळवले नाही, आणि आता नव्या इमारतीसाठी पत्र आले आहे. ते वाक्य माझ्या मनातून कधी गेले नाही. देणगी मागण्यापूर्वी किमान दोन वर्षे माजी विद्यार्थ्यांकडे सल्ला, वेळ किंवा माहिती मागावी, आणि विद्यापीठाची बरीवाईट खबर त्यांना नियमित कळवावी. येल विद्यापीठाने 1890 मध्ये माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू केला. दरवर्षी पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे घेण्याची ही पद्धत लहान संस्थेला जास्त शोभते. किती रक्कम जमली यापेक्षा किती जणांनी दिली, हा आकडा आपण पाहत जावा.

वाईट खबर कळवण्यावर मी मुद्दाम भर देते, कारण संस्थांना तीच लपवावीशी वाटते. माजी विद्यार्थ्यांची सर्वांत जुनी संघटना म्हणून ओळखली जाते ती अमेरिकेतील विल्यम्स कॉलेज या लहान महाविद्यालयाची, आणि तिची स्थापना 1821 मध्ये एका संकटातून झाली. महाविद्यालयाचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना घेऊन ॲमहर्स्ट येथील नव्या संस्थेत निघून गेले होते, आणि मागे उरलेले महाविद्यालय टिकते की नाही असा प्रश्न होता. त्या वेळी माजी विद्यार्थी एकत्र आले. ते महाविद्यालय आजही चालू आहे आणि ती संघटनाही. प्रवेश घटले, एखादा विभाग धोक्यात आला, वसतिगृहाचे छप्पर बदलायला निघाले, तर ते माजी विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रातून कळण्याआधी आपल्याकडून कळले पाहिजे. संकट लपवणाऱ्या संस्थेसाठी कोणी धावून येत नाही, कारण धावायचे आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

सुरुवातीसाठी या सत्रात आपण दोनच गोष्टी कराव्यात, असे मी सुचवेन. पहिली, शेवटच्या वर्षाच्या 300 विद्यार्थ्यांची यादी घेऊन बसावे आणि प्रत्येकाच्या नावासमोर लिहावे की, हा विद्यार्थी उद्या आला नाही तर विद्यापीठात कोणाचे काय अडेल. शिक्षक, ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक आणि परिचर यांना सोबत घेतले तर तीन दुपारी पुरतील. ज्या नावांसमोर काहीच लिहिता येणार नाही, ती संख्या पाहून धक्का बसेल. शेवटच्या वर्षात असलेल्यांसाठी फार काही करता येणार नाही, तरी त्यांच्याशी एकदा बोलून निरोप घ्यावा. मग हीच यादी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची करावी, कारण त्यांच्या हाती अजून दोन वर्षे आहेत. दुसरी गोष्ट, गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी वीस जणांना स्वतः फोन करावा, काहीही मागू नये, आणि येथे कोणाची आठवण येते एवढे विचारून त्यांनी सांगितलेली नावे लिहून घ्यावीत. त्या नावांपैकी जे आजही विद्यापीठात काम करत आहेत, त्यांना दुसऱ्या दिवशी जाऊन सांगावे की, अमुक विद्यार्थ्याने आपली आठवण काढली.